शैलाने बांधलेल्या मोटरी

मोटर बांधायला कुठे शिकलीस असं कोणी विचारलं, की शैला सांगायची, "घरात, चुलीपुढे." लोकांना वाटायचं बाई थट्टा करते. पण ते अगदी खरं होतं.

१९८५ साली लग्न होऊन ती दिघाशीहून भिवंडीजवळच्या शेलार गावी आली. नववी पास, अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट. नवरा यादव रोकडे भिवंडीत पंढरीशेठच्या दुकानात हेल्पर होता. जळालेल्या मोटरी उघडायच्या, आतली काळी तार काढायची आणि नवी तार भरायची, हे त्या दुकानाचं काम. भिवंडीत तेव्हा गल्लीगल्लीत कापड विणणारे लूम होते आणि लुमाच्या पोटाशी मोटर. व्होल्टेजचा भरवसा नाही. मोटर जळली की लूम थांबला, लूम थांबला की कापड थांबलं. पंढरीशेठच्या दारात रोज सकाळी टेम्पो उभे राहायचे.

एवढं काम दुकानात उरकेना, म्हणून तो तांब्याच्या तारेची रिळं कामगारांच्या घरी धाडायचा. बायकांनी लाकडी फर्म्यावर तार गुंडाळायची, वेढे मोजायचे, कॉइल बांधून परत द्यायची. शैला भाकऱ्या झाल्या की चुलीपुढेच फर्मा मांडून बसायची. चिठ्ठीवर ऐंशी वेढे लिहिले असले की तिचे ऐंशीच व्हायचे, एकोणऐंशी नाही की एक्क्याऐंशी नाही. पण दुसऱ्या बायकांसारखी ती नुसती मोजून थांबली नाही. एके दिवशी तिने यादवला विचारलं, "अहो, हे ऐंशी कशाला? सत्तर घातले तर काय होईल?"

यादव म्हणाला, "मोटर तापेल."

"का तापेल?"

त्याला सांगता येईना. मग त्याने पुढच्या शुक्रवारी, लूम बंद असतात त्या दिवशी, एक भंगारातली मोटरच घरी आणली. दोघांनी मिळून ती उघडली. खाचा, खाचांतला कागद, वरून मारलेली बांबूची पाचर, तीन फेजच्या तीन वाटा. शैलाने ती मोटर चार वेळा भरली आणि चार वेळा उसवली. पाचव्यांदा भरली ती चालली.

तीन वर्षांनी यादवला वीज बोर्डात हेल्परची नोकरी लागली. घरात पेढे आले. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता तारेने बोटं कापून घ्यायला नको." शैला तडक पंढरीशेठच्या दुकानात गेली.

"शेठ, यादवच्या जागी मला घ्या. मला पूर्ण मोटर बांधता येते."

पंढरीशेठ चांगला माणूस होता, वाईट कधी बोलायचा नाही. तो हसला. "वहिनी, कॉइली हव्या तेवढ्या नेत जा. पण दुकानात बाईमाणूस मोटर उघडून बसलेलं बघितलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. लोकांना काय, मोटर जळली की कोणाला तरी बोल लावायचाच असतो. बाईला पहिला लागेल."

"मग माझं दुकान मी काढते," शैला म्हणाली. पंढरीशेठ पुन्हा हसला. या खेपेला दुकानातले सगळेच हसले.

वाडा रोडवर शेलारच्या नाक्याला दाजी पाटलाचा एक गाळा रिकामा होता. पुढे कमरेएवढा उंच ओटा, आत दहा बाय बाराची खोली. शैलाने तो भाड्याने घेतला. बोर्ड रंगवायचा दिवस आला तेव्हा यादव म्हणाला, "यादव इलेक्ट्रिकल्स लिही. मी वीज बोर्डात आहे, वजन पडेल."

"मोटर कोण बांधणार?"

"तू."

"मग नाव तुमचं कशाला?"

पेंटर ब्रश धरून उभा. यादव रागावला नाही. बोर्ड लागला: 'शैला मोटर रिवाइंडिंग. प्रो. शैला रोकडे.' आत समोरच्या भिंतीवर तिने बाबासाहेबांचा फोटो लावला. दाजीने सुचवून पाहिलं, की फोटो आतल्या बाजूला घे, रस्त्यावरून दिसतो, गिऱ्हाईक नाना जातीचं असतं. शैला म्हणाली, "दिसावा म्हणूनच तिथे लावलाय." दोन माणसं खरोखरच ओट्यापर्यंत येऊन, आत बघून परत गेली. तिने त्यांना हाक मारली नाही.

पहिला महिना टेबल फॅन आणि एक मिक्सर यांवर गेला. मग एका दुपारी हातगाडीवर मोटर घालून एक म्हातारा अन्सारी आला. त्याचे चारच लूम होते, त्यातला एक बंद. पंढरीशेठने त्याला आठ दिवसांचा वायदा दिला होता.

"बेहेन, कल शाम तक हो जाएगा?"

"हो जाएगा चाचा. पण तुम्ही इथे बसा आणि बघा."

"देखके क्या करूँगा?"

"जली क्यूँ, वो समझेगा."

तिने मोटर उघडली, बेअरिंग अडकलं होतं ते त्याला बोटाने चाचपायला लावून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर दिली. त्या दिवसापासून तिचा हा नेमच पडला. मोटर आली की कारण सांगायचं. जळलेल्या कॉइलचा एक तुकडा कापून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा आणि खाली कागदावर लिहायचं: बेअरिंग. पाणी शिरलं. पट्टा फार ताणलेला. गिऱ्हाइकं ओट्यावर बसून ती भिंत वाचायची. आपली मोटर का मेली हे त्यांना यापूर्वी कोणी सांगितलंच नव्हतं.

मग श्रावणात तिची स्वतःची एक मोटर आठ दिवसांत परत आली. कणेरीचा एक लूमवाला होता, तोंडाचा फटकळ. ओट्यावर चार माणसं बसलेली. त्याने सगळ्यांदेखत मोटर दणकन आपटली. शैलाने ती उघडली आणि नाकाशी नेली. तारेवर ओतलेलं वार्निश आत कच्चंच राहिलं होतं. पावसाळी हवेत एक दिवस जास्त सुकवायला हवं होतं. तिने घाई केली होती.

ओट्यावरची माणसं वाट बघत होती. विजेची लाइन खराब आहे, एवढं म्हणायचा अवकाश होता. लूमवाल्याला खरंखोटं कळलं नसतं.

"चूक माझी," ती म्हणाली. "वार्निश सुकलं नव्हतं. परवा घेऊन जा. पैसे नको."

तिने त्या मोटरीचा तुकडाही खिळ्याला टांगला आणि खाली लिहिलं: चूक शैलाची. ही गोष्ट भिवंडीभर झाली. पंढरीशेठने यादवला रस्त्यात गाठून सांगितलं, "अरे, वहिनीला समजाव. धंद्यात आपली चूक कोणी भिंतीवर टांगतं काय? मी वीस वर्षांत एकदा कबूल केली नाही."

यादवने घरी येऊन सांगितलं. शैला तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणूनच त्यांना वीस वर्षांत कळलं नाही, मोटरी परत का येतात."

तिची मात्र त्यानंतर एकही मोटर कच्च्या वार्निशने परत आली नाही. तिने पत्र्याची पेटी करून घेतली, आत दोनशे वॅटचे चार बल्ब लावले आणि भर पावसात मोटरी कोरड्या ठणठणीत काढू लागली.

असं करत १९९१ साल आलं. आणि केसरीनाथ पाटील तिच्या ओट्यावर आला.

केसरीनाथ म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. भातशेतीत भराव टाकून त्याने दोन शेड उभ्या केल्या होत्या आणि त्यांत चोवीस लूम बसवले होते. शैलाची सासू कौसल्या त्याच्या बापाच्या शेतात तीस वर्षं लावणीला गेली होती, आणि मजुरीचं भात तिला पडवीच्या खालून पदरात घ्यावं लागलं होतं. हे घरात कोणी बोलत नसे, पण विसरलंही कोणी नव्हतं. तर अशा केसरीनाथने सहा मोटरी पाठवल्या. शैलाने जीव ओतून बांधल्या.

महिन्याभरात सहातल्या तीन जळाल्या.

केसरीनाथ स्वतः टेम्पोबरोबर आला. तिन्ही मोटरी ओट्यासमोर मातीत टाकायला लावल्या. नाका गोळा झाला.

"यादवची बायको ना तू? तुज्या हाताला हे काम जमत न्हाय," तो म्हणाला. "सुताची कांडी भर, कॉइल भर, तेवढंच कर. तीन लूम माजे बंद हायेत. परवापर्यंत फुकट बांधून दे. न्हाय तर दाजी माजा चुलतभाऊ हाय, गाळा कोनाचा हाय ते ध्यानात ठेव."

शैला ओट्यावरून खाली उतरली, मातीत बसली आणि तिथेच पाना लावून पहिली मोटर उघडली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्हींचं पोट सारखंच होतं. दोन फेजच्या कॉइली कोळसा, आणि तिसऱ्या फेजची कॉइल नव्या नवरीसारखी चकचकीत.

तिने मान वर केली. "शेठ, ही माझी चूक नाही. मोटरीला तीन फेज लागतात. तुमच्याकडे त्यातला एक मध्येच गळतो. मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढते आणि जळते. तुमच्या लाइनीत खोट आहे."

"माज्या लाइनीत?"

"हो. मला शेड बघू द्या. पाच मिनिटांचं काम."

केसरीनाथचा चेहरा लाल झाला. "माज्या शेडमंदी येऊन तू मला सांगनार? परवापर्यंत मोटरी बांध."

"चूक माझी असती तर आज फुकट बांधल्या असत्या. भिंत वाचा, तिथे लिहिलंय. दुसऱ्याची चूक मी फुकट बांधत नाही."

केसरीनाथ गेला. मोटरी मातीतच राहिल्या.

त्या संध्याकाळी यादव जेवला नाही. "शैला, अगं तीन मोटरी. तीन दिवसांचं काम. बांधून टाक आणि मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"आज बांधल्या तर परत जळतील. तेव्हा काय म्हणू?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा अख्खी भिवंडी म्हणेल, शैलाच्या मोटरी जळतात. तीन फुकट बांधल्या म्हणजे तिनेच कबूल केलं की. अहो, माझ्याकडे दुसरं आहे काय? ना जमीन, ना शेड, ना चुलतभाऊ. मी बांधलेली मोटर चालते, एवढंच आहे. ते मी त्यांच्या पायावर घालू?"

यादवने तोंड फिरवलं. त्याला बायकोचं म्हणणं पटलं होतं, म्हणून तर त्याला जास्त भीती वाटत होती.

पुढचे दहा दिवस ओट्यावर कुत्रंसुद्धा चढलं नाही. आलेली गिऱ्हाइकं पंढरीशेठकडे वळली. दाजी येऊन, नजर चुकवत, महिनाअखेर गाळा मोकळा कर म्हणून सांगून गेला. शैला रोज सकाळी गाळा उघडायची, झाडायची, पाने-पकडी पुसून मांडायची आणि बसायची. अकराव्या दिवशी मात्र तिने गाळा उघडला नाही. टेस्टचा दिवा, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घातले आणि ती केसरीनाथच्या शेडकडे चालत निघाली. दुपारी दोनची वेळ होती. शिफ्ट बदलत होती, म्हणजे सुटलेले आणि येणारे दोन्ही कामगार दारात असणार. तिने ते मुद्दाम धरलं होतं.

केसरीनाथ शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याची बायको हौसा आत कांडी भरणाऱ्या बायकांवर नजर ठेवून उभी होती.

"शेठ, पाच मिनिटं," शैला मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या लाइनीत खोट निघाली नाही, तर माझा बोर्ड मी स्वतःच्या हाताने उतरवते. सगळ्यांसमोर सांगते."

"चल, निघ."

"का? बोर्ड उतरलेला बघायचा नाही तुम्हाला?"

कामगारांत कोणीतरी खाकरलं. मागून एक बिहारी कारागीर म्हणाला, "सेठ, पीछे वाली लाइन में मोटर को हाथ मारके घुमाना पड़ता है, तब उठती है. हमने कितनी बार बोला."

आणि मग हौसा पुढे आली. पदर कमरेला खोचत म्हणाली, "बघू दे ना तिला. त्या मागच्या लायनीत पंढरीच्या बी चार मोटरी जळल्या व्हत्या. म्हनून तर तुमी हिच्याकडं धाडल्या. आता तोंड का शिवलाय?"

हे शैलाला नवीनच होतं. केसरीनाथने बायकोकडे असं बघितलं, की दुसरी असती तर आत पळाली असती. हौसा हलली नाही.

"बघ," केसरीनाथ शेवटी म्हणाला. "पाच मिनटं."

शैला आत गेली. मागच्या रांगेचे लूम एका वेगळ्या स्विचवर होते. तिने टेस्टचा दिवा त्या स्विचच्या तारांना लावला. पहिला फेज, लख्ख. दुसरा, लख्ख. तिसऱ्यावरही दिवा लख्खच लागला, आणि दारातून एकजण हसला. शैलाने दिवा काढला नाही. "लूम चालू करा," ती म्हणाली. "एकदम सगळे."

त्या रांगेतले धड उरलेले तीन लूम एकापाठोपाठ खडखडायला लागले. तिसऱ्या लुमाचा भार पडला तसा तिसऱ्या फेजचा दिवा मंदावला, लपलपला, आणि पिवळा पडून बसला. मोटरी घोगऱ्या आवाजात कण्हू लागल्या.

"बंद करा, बंद करा!" ती ओरडली. मेन स्विच पाडला, पुन्हा दिव्याने तपासून खात्री केली, आणि फ्यूजचा चिनी मातीचा तुकडा ओढून काढला. आतली पितळी पट्टी जळून काळी पडली होती आणि तिचा स्क्रू नुसता टेकलेला, भार पडला की वीज तुटायची. ती तो तुकडा घेऊन दारात आली आणि केसरीनाथच्या हातात ठेवला. अजून गरम होता. त्याने पटकन दुसऱ्या हातात घेतला.

"दहा रुपयांची वस्तू आहे शेठ," शैला म्हणाली. "पंढरीशेठच्या चार आणि माझ्या तीन, सात मोटरी खाल्ल्या हिने."

केसरीनाथने माफी मागितली नाही. माफी मागायची त्या घरात रीतच नव्हती. त्याने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाला, "त्या तीन बांधून ठेव."

"मजुरी पडेल. आणि आधी तुमचा माणूस पाठवा, मातीतून उचलून मी घेणार नाही."

त्याने नुसती मान हलवली. त्याच दिवशी टेम्पो आला, मोटरी उचलून ओट्यावर ठेवून गेला. मजुरी वेळेवर आली. पण पुढे दोन वर्षं त्याने तिला एकही मोटर दिली नाही. सगळं काम पंढरीशेठकडे. हा माणसाचा स्वभाव, त्याला औषध नाही. शैलाला त्याचं काही वाटलंही नाही, कारण त्या दिवशी दारात दोन्ही शिफ्टचे मिळून चाळीसेक कामगार उभे होते. ते आज इथे, उद्या दुसऱ्या शेडवर. जिथे गेले तिथे सांगत गेले, की शेलारच्या नाक्यावर एक बाई आहे, मोटरीचं पोट बघून मालकाची खोट सांगते. दाजी गाळ्याचं पुन्हा बोलला नाही.

तीन वर्षांत काम इतकं वाढलं, की तिने गावातल्याच द्रौपदी आणि चंद्रा या दोघींना हाताखाली घेतलं. त्यांना कॉइल भरता येत होती. शैलाने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे भंगारातली मोटर ठेवली. "वेढे मोजून थांबायचं नाही," ती म्हणाली. "का, ते विचारायचं. मला येत नसेल तर आपण मिळून शोधू."

आणि मग १९९५च्या उन्हाळ्यात एका सायझिंगवाल्याचा मॅनेजर आला. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायचा कारखाना, तिथल्या मोटरी दांडग्या. त्यांची तीस हॉर्सपॉवरची मोटर बंद पडली होती. पंढरीशेठचं कंबरेचं दुखणं चालू होतं, त्याने नाही म्हटलं होतं. मुंबईला पाठवायची तर पंधरा दिवस.

"बाई, एवढी मोठी कधी बांधलीय?"

शैलाने आयुष्यात पाच हॉर्सपॉवरच्या वर हात लावला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "पण बांधणार. सहा दिवस द्या. जुनी तार मी एकेक कॉइल मोजत काढीन, चित्र काढून ठेवीन, मग नवी भरीन. जमलं नाही तर सातव्या दिवशी माझ्या खर्चाने मुंबईला पोचवीन."

मॅनेजर विचारात पडला. इतर कारागीर अशा वेळी बेधडक हो म्हणायचे, हातचं सोडायला नको म्हणून. 'नाही, पण बांधणार' असं कोणी म्हणालं नव्हतं. त्याने मोटर पाठवली.

टेम्पो आला आणि नवीनच घोळ झाला. चार माणसांनी जोर लावला, पण ते धूड ओट्यावर चढेना. बांबू लावला तो मोडला. हमाल घाम पुसत म्हणाले, "बाई, ये अंदर नहीं जाएगा. वापस ले जाओ." यादव ड्युटीवरून येत होता, तोही थबकला. नाक्यावरचे लोक चहाचे ग्लास घेऊन गंमत बघायला उभे राहिले.

"वापस कशाला?" शैला म्हणाली. "इथेच उतरवा. रस्त्याच्या कडेला."

"रस्त्यावर बांधणार?" यादवने हळूच विचारलं. "सगळे बघतील गं."

"बघू देत. तुम्ही ताडपत्री आणा."

यादवने सायकल भिंतीला टेकवली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि हमालांना म्हणाला, "चला, धरा एकेक बाजू. सांभाळून."

सहा दिवस वाडा रोडवरच्या धुळीत, निळ्या ताडपत्रीखाली, तीन बायका त्या मोटरीभोवती बसून होत्या. येणारे जाणारे टेम्पो हळू व्हायचे. शैलाने वहीत चित्र काढलं, चुकलं, खोडलं, पुन्हा काढलं. चौथ्या दिवशी दोन कॉइली उलट्या जोडल्या गेल्याचं द्रौपदीच्या ध्यानात आलं, आणि तिने बिचकत बिचकत सांगितलं. शैलाने सगळ्यांदेखत ती जोडणी सोडली आणि पुन्हा केली.

सहाव्या दिवशी दुपारी, सायझिंगच्या कारखान्यात, तिने स्वतः स्विच वर ढकलला. मोटर जराशी घुमली, मग सरळ सुराला लागली. शैलाने तळहात तिच्या पाठीवर ठेवला. अर्धा तास तशीच उभी राहिली. मोटर कोमट होती, गरम नव्हती.

"दुसरी पण आहे," मॅनेजर म्हणाला. "पन्नासची."

"पाठवा," शैला म्हणाली, आणि बरोबर आलेल्या चंद्राला म्हणाली, "जा, आधी मोठी ताडपत्री बघून ये."